घरच्या इंकजेटवर कृष्णधवल प्रिंट : करडा रंग सांभाळायचा कसा?

"स्क्रीनवर फोटो स्वच्छ काळा-पांढरा दिसतो, प्रिंट हिरवट येते." "दिवसा खिडकीपाशी बरी दिसणारी प्रिंट रात्री ट्यूबखाली जांभळट का होते?" "आजोबांची काळी टोपी आणि काळा कोट मिळून एकच डाग झाला आहे, दुकानदार म्हणतो फोटोच तसा आहे." वाचकांचे प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा हेच असतात आणि शेवटची ओळही ठरलेली असते : "तर मग कोणता प्रिंटर घ्यावा?"

प्रिंटरचा निर्णय शेवटी घ्या. चांगली कृष्णधवल प्रिंट चार गोष्टींवर ठरते : करडा रंग कोणत्या शायांमधून तयार होतो, कागद कोणता, संगणकाकडून प्रिंटरला सूचना कोणत्या मार्गाने जाते आणि मोठी प्रिंट काढण्याआधी तुम्ही चाचणी घेता की नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत आणि बहुतेकांची प्रिंट तिथेच बिघडते.

आधी दोष नेमका ओळखा

बिघडलेली प्रिंट फेकू नका. थेट ऊन नसलेल्या खिडकीजवळ ती धरा, मग घरातल्या दिव्याखाली न्या. काय दिसते त्यावरून कारण कळते.

- दोन्ही उजेडांत सारखीच हिरवट किंवा गुलाबी छटा : ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकला आहे, रंगनियंत्रण दोन ठिकाणी चालू राहिले आहे किंवा टाकीत भलतीच शाई आहे.
- उजेड बदलला की छटा बदलते : करडा रंग रंगीत शायांच्या मिश्रणातून आला आहे.
- छटा नाही, पण सगळेच काळवंडले आहे : तुमची स्क्रीन फार उजळ आहे. फाइलमध्ये दोष असेलच असे नाही.
- फक्त गडद भाग एकमेकांत मिसळले : कागद आणि सेटिंग जुळत नाही किंवा फाइलमधल्या सावल्या त्या कागदाला पेलत नाहीत.
- ठरावीक अंतराने बारीक रेघा : नोझल तुंबले आहे. आधी नोझल चेक करा, बाकी सगळे नंतर.

करडा रंग येतो कुठून?

फिकट करडा भाग फक्त काळ्या शाईने छापायचा तर पांढऱ्या कागदावर काळे ठिपके दूर दूर टाकावे लागतात आणि ते दाणेदार दिसतात. म्हणून साध्या प्रिंटरचा ड्रायव्हर निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग तयार करतो. हे मिश्रण किंचित ढळले तरी छटा उमटते. रंगीत फोटोत गालावर तेवढी चूक खपून जाते, कोऱ्या करड्या भिंतीवर ती लगेच डोळ्यांत भरते. शिवाय प्रत्येक रंगीत शाई वेगवेगळ्या उजेडात वेगळी वागते, त्यामुळे उन्हाच्या उजेडात करडा दिसणारा भाग एलईडीखाली जांभळट किंवा हिरवट होतो. हा शायांचा गुणधर्म आहे. सेटिंग बदलून तो कमी होतो, पूर्ण जात नाही.

खरा उपाय म्हणजे प्रिंटरमध्येच करडी शाई असणे. एप्सनने २००५ साली अल्ट्राक्रोम के३ शाया आणल्या. त्यांत काळी, तिच्याहून फिकट आणि त्याहूनही फिकट अशा काळ्याच्या तीन पायऱ्या होत्या. करड्याचा बहुतेक भार या तिघींनी उचलला आणि रंगीत शाया छटा जुळवण्यापुरत्या उरल्या. आजचे चांगले फोटो प्रिंटर याच तत्त्वावर चालतात.

म्हणून माहितीपत्रक वाचताना शायांची एकूण संख्या मोजू नका. यादीत 'ग्रे', 'लाइट ग्रे' किंवा 'फोटो ग्रे' हे शब्द शोधा. आपल्याकडे साधारण तीन गट दिसतात.

- सहा शायांचे, पण करडी शाई नसलेले टँक प्रिंटर. उदाहरणार्थ एप्सन एल ८०५० (ए४) आणि एल १८०५० (ए३ प्लस). यांत जादाच्या दोन शाया फिकट निळी आणि फिकट किरमिजी असतात. रंगीत फोटो सुरेख येतात, कृष्णधवल ही तडजोड असते.
- एक करडी शाई असलेले टँक प्रिंटर. कॅनन जी ५७० आणि एप्सन एल ८१८० हे यात मोडतात. शाई स्वस्त पडते आणि छटेचा त्रास स्पष्ट कमी होतो. बजेट बेताचे असेल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.
- फोटोसाठीच बनवलेले मोठे प्रिंटर. कॅनन प्रो-२०० मध्ये दोन करड्या डाय शाया आहेत. प्रो-३०० मध्ये पिगमेंटची एक करडी, प्रो-१००० मध्ये दोन. एप्सन शुअरकलर पी ७०० आणि पी ९०० यांत दोन करड्या आहेत, शिवाय चकचकीत आणि मॅट कागदांसाठीच्या दोन्ही काळ्या शाया कायम जोडलेल्या राहतात. या मालिकेच्या आधीच्या काही प्रिंटरमध्ये एका काळ्यावरून दुसरीवर जाताना दर वेळी शाई वाया जायची.

एक सापळा इथेच सांगतो. ड्रायव्हरमधल्या 'ग्रेस्केल'वर टिक केली की फक्त काळी शाई वापरली जाते, असा सर्रास समज आहे. फोटो कागद निवडलेला असेल तर बहुतेक प्रिंटर तेव्हाही रंगीत शाया वापरतात. ज्या टँक प्रिंटरमध्ये साध्या कागदासाठी पिगमेंट काळी असते, ते चकचकीत फोटो कागदावर तिला हातही लावत नाहीत.

ज्यांना फक्त कृष्णधवलच छापायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे : एखाद्या एप्सन प्रिंटरमध्ये रंगीत शायांच्या जागी काळ्या-करड्यांचा पूर्ण संच भरणे. अमेरिकेतील जॉन कोन यांची पिझोग्राफी ही अशीच पद्धत. रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर अशा संचांसाठी वापरतात आणि मूळ शाया असलेल्या अनेक एप्सन प्रिंटरवरही ते चालते. निकाल अप्रतिम असतो, पण तो प्रिंटर मग रंगीत कामाला उपयोगी राहत नाही. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका.

डाय की पिगमेंट?

डाय शाई कागदावरच्या थरात मुरते, चकचकीत कागदावर तिचा काळा खोल दिसतो. पण प्रकाश आणि हवेतला ओझोन तिला लवकर फिकट करतात. पिगमेंटचे कण पृष्ठभागालगत बसतात, टिकतात आणि कापसाच्या मॅट कागदावर शोभतात. अल्बम, भेट, घरगुती वापर असेल तर डाय पुरते. भिंतीवर वर्षानुवर्षे राहणारी, प्रदर्शनातली किंवा विकायची प्रिंट पिगमेंटचीच असावी.

टाकीत मूळ कंपनीची शाई सोडून दुसरी भरली, तर कागद कंपनीने दिलेली प्रोफाइल्स (त्या प्रिंटर-कागदाच्या जोडीसाठी रंग जुळवणाऱ्या फाइली) निरुपयोगी ठरतात आणि करड्या रंगावर त्याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो. त्या शाईमुळे हेड बिघडले तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पैसे वाचवायचे असतील तर प्रिंट्सची संख्या कमी करा, शाईत काटकसर नको.

कागद : इथे घाई करू नका

प्रिंटरपेक्षा कागदाने प्रिंटचे रूप जास्त बदलते. तीन प्रकार पुरेसे आहेत.

आरसी, म्हणजे प्लास्टिकचा लेप असलेला ग्लॉसी किंवा लस्टर कागद. सहज मिळतो, स्वस्त आहे, सरावासाठी उत्तम. ग्लॉसीवर दिव्याची तिरीप पडते, म्हणून कृष्णधवलसाठी लस्टर किंवा सॅटिन घ्या.

मॅट, विशेषतः कापसाचा. हानेमुले फोटो रॅग ३०८ जीएसएम हे यातले नावाजलेले नाव. स्पर्श मऊ, चमक नाही. पण याच्यावरचा काळा कमी खोल असतो. त्याची घनता साधारण १.६ ते १.७ भरते, बॅराइटा या पुढच्या प्रकारावर ती २.२ ते २.४ पर्यंत जाते. म्हणजे मॅटवरचा सर्वांत काळा भागही सुमारे २ टक्के प्रकाश परत पाठवतो, बॅराइटावरचा जेमतेम अर्धा टक्का. धुके, म्हातारा चेहरा, पांढऱ्या साडीतली बाई असे उजळ फोटो मॅटवर खुलतात. पावसात भिजलेल्या काळ्या दगडाचे देऊळ मॅटवर छापले की दगडाचा ओलेपणा हरवतो.

बॅराइटा किंवा फायबर. डार्करूममधल्या जुन्या प्रिंटची आठवण करून देणारा कागद. कॅन्सन बॅराइटा फोटोग्राफिक ३१० जीएसएम आणि हानेमुले फोटो रॅग बॅराइटा ३१५ जीएसएम ही दोन उदाहरणे. काळा खोल, चमक संयत. किंमत जड आहे, पण निवडक प्रिंट्ससाठी माझी पहिली पसंती हीच.

घेताना पाकिटावर 'ओबीए' किंवा 'ऑप्टिकल ब्राइटनर' आहेत का ते बघा. ही रसायने कागद जास्त पांढरा दाखवतात, पण काळाच्या ओघात त्यांचा प्रभाव ओसरतो आणि पांढरा पिवळटतो. टिकाऊ कामासाठी ब्राइटनर नसलेला, थोडा उबदार पांढरा कागद घ्या.

एकाच वेळी पाच-सहा कागद आणू नका. एक लस्टर सरावाला, एक बॅराइटा किंवा मॅट अंतिम प्रिंटला. या दोघांची ओळख पुरती पटली की पुढचा.

फाइल तयार करताना

रंगीत फोटोचे रंग नुसते काढून टाकले तर लाल साडी आणि हिरवी झाडी एकाच करड्यात विरघळतात. लाइटरूम, फोटोशॉप किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबलमध्ये प्रत्येक रंग किती उजळ उतरावा हे ठरवता येते. लाल-नारिंगी उजळले की कातडी उजळते, निळा गडद केला की आभाळ उठून दिसते.

जुना छापील फोटो असेल तर तो किमान ६०० पीपीआयला स्कॅन करा, म्हणजे दुप्पट मोठा करूनही ३०० पीपीआय हातात राहतात. अंतिम आकाराला ३०० पीपीआय पुरतात : ए४ साठी सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल, ए३ साठी ३५०८ × ४९६१. काम १६ बिटमध्ये करा, नाहीतर आभाळासारख्या सपाट भागात पट्टे दिसतात. शार्पनिंग शेवटी आणि आकार ठरल्यावर. मॅट कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून तिथे ते किंचित जास्त लागते.

आता स्क्रीन. बहुतेकांची ब्राइटनेस इतकी चढी असते की तिच्यावर बेतलेली प्रिंट काळी येणारच. फोटोच्या कामासाठी ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ही पातळी चालते. मोजायचे यंत्र नसेल तर स्क्रीनवर पांढरे पान उघडा, शेजारी कोरा फोटो कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. लॅपटॉपची आपोआप बदलणारी ब्राइटनेस बंद ठेवा.

प्रिंटरकडे जाणारे दोन रस्ते : एकच धरा

पहिला रस्ता, प्रिंटरचा कृष्णधवल मोड. एप्सनच्या फोटो प्रिंटरमध्ये 'ॲडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू फोटो', कॅननमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट फोटो'. हा मोड करड्या शायांवर भर देतो आणि रंगीत शाया कमीत कमी वापरतो. न्यूट्रल, कूल, वॉर्म अशा छटा इथेच निवडता येतात. फोटोशॉपमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' निवडा आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार नेमका द्या. ज्यांच्या प्रिंटरमध्ये हा मोड आहे, त्यांनी सुरुवात याच रस्त्याने करावी.

दुसरा रस्ता, आयसीसी प्रोफाइल. कागद कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या प्रिंटर मॉडेलचे आणि त्याच कागदाचे प्रोफाइल उतरवा. फोटोशॉपमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा, ते प्रोफाइल द्या आणि ड्रायव्हरमधले रंगनियंत्रण पूर्ण बंद करा. करडी शाई नसलेल्या प्रिंटरवर हाच रस्ता जास्त भरवशाचा. सेपियासारखी छटा तुम्ही फाइलमध्येच दिली असेल तेव्हाही हाच.

दोन्ही एकदम चालू राहिले की फोटोवर दोनदा संस्कार होतो. वर सांगितलेली हिरवी-गुलाबी छटा बऱ्याच वेळा यातूनच येते. मॅक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी : प्रिंटर 'एअरप्रिंट' म्हणून जोडला गेला असेल तर कृष्णधवल मोड आणि रंगनियंत्रण बंद करण्याची सोय दिसतच नाही. प्रिंटर काढून टाका, कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर बसवा आणि तोच निवडून पुन्हा जोडा.

चाचणीपट्टी : अर्धे काम इथे होते

ए३ चा महाग कागद घालण्याआधी दोन चाचण्या घ्या. दोन्ही त्याच कागदावर, त्याच सेटिंगवर.

पहिली चाचणी २१ पायऱ्यांच्या करड्या पट्टीची. कोऱ्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारे चौकोन. अशी पट्टी स्वतःही बनवता येते. वाळल्यावर खिडकीशी नेऊन बघा : ९० आणि ९५ वेगळे दिसतात का? ९५ आणि १०० मिसळले तर, विशेषतः मॅटवर, चालेल. ८५ आणि ९० च मिसळले असतील तर ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकला आहे. दुसऱ्या टोकाला ५ टक्क्यांचा चौकोन कोऱ्या कागदापासून वेगळा दिसायला हवा. आणि मधल्या चौकोनांत एखादाच हिरवट किंवा गुलाबी असेल तर शायांचे मिश्रण त्या पायरीवर ढळते आहे. पूर्ण फोटोत ते कळत नाही, पट्टीवर लपत नाही.

दुसरी चाचणी खऱ्या फोटोची. संपूर्ण फोटो लहान करून छापू नका. अंतिम आकारातलाच एक उभा तुकडा छापा. स्टुडिओत काढलेल्या आजोबांच्या फोटोत टोपीच्या वरच्या कडेपासून कपाळ, चष्मा, मिशी आणि कोटाच्या कॉलरपर्यंत दोन इंच रुंदीची पट्टी घ्या. एवढ्यात सगळे आले : काळ्या टोपीची घडी, तिच्यामागचा गडद पडदा, कपाळावरचा उजेड, शर्टाच्या पांढऱ्या कॉलरची शिवण. टोपीची कड पडद्यात बुडत असेल तर पूर्ण फोटो उजळू नका. कर्व्हमध्ये फक्त सर्वांत गडद भाग थोडा वर उचला, मधला भाग जागच्या जागी ठेवा आणि पुन्हा तेवढीच पट्टी काढा. कॉलरची शिवण दिसत नसेल तर उजळ टोक किंचित खाली आणा. फाइलमध्ये पूर्ण पांढऱ्या, म्हणजे २५५ असलेल्या भागावर शाईच पडत नाही. तिथे उघडा कागद दिसतो आणि चकचकीत कागदावर तेवढाच भाग वेगळा चमकतो.

पट्टी यंत्रातून येताच तिच्यावर मत बनवू नका. ओल्या शाईचा काळा वाळल्यावर बदलतो, मॅटवर तर ठळकपणे. अर्धा तास थांबा. जी प्रिंट जिथे लावायची आहे तिथल्याच उजेडात पट्टी धरून बघा. दिवाणखान्यात पिवळसर दिवा असेल तर खिडकीपाशी जुळवलेली प्रिंट तिथे जास्त उबदार आणि थोडी गडद वाटेल, तेवढी सूट फाइलमध्ये द्या.

बहुतेक वेळा दोन-तीन पट्ट्यांत गाडी रुळावर येते. जुळलेले सेटिंग त्या पट्टीवरच लिहून कागदाच्या पाकिटात ठेवा.

पावसाळा, उन्हाळा आणि फ्रेम

- कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा लाटांसारख्या उठतात, हेड त्यांना घासते आणि काळे डाग पडतात. कागद मूळ प्लास्टिकमध्येच ठेवा, लागेल तेवढाच काढा, ट्रेमध्ये रात्रभर राहू देऊ नका.
- विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात नोझल सुकतात. आठवड्यातून एक नोझल चेक आणि एक छोटी प्रिंट एवढे पुरते. हेड क्लीनिंग गरज असेल तेव्हाच, त्यात शाई बरीच जाते.
- प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचे बटण आधी बंद केले तर हेड झाकणाखाली जाऊन बसत नाही आणि उघडे सुकते.
- फ्रेम करण्याआधी प्रिंट किमान २४ तास वाळू द्या, वर साधा कागद ठेवून. शाईतले द्रावक उडून गेले नाहीत तर काचेवर आतून धुके धरते.
- प्रिंट काचेला चिकटता कामा नये. मध्ये आम्लरहित माउंट बोर्डची चौकट घ्या. ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नका.

घरी छापू की लॅबकडे जाऊ?

दर आठवड्याला काहीतरी छापणार असाल तरच मोठा पिगमेंट प्रिंटर घ्या. महिनोन्महिने बंद पडलेला प्रिंटर चालू करताना सफाईतच शाई संपवतो. वर्षातून आठ-दहा मोठ्या प्रिंट्स हव्या असतील तर चांगली लॅब स्वस्त पडते आणि निकालही चांगला देते. सरावासाठी घरी करडी शाई असलेला टँक प्रिंटर आणि अंतिम प्रिंट लॅबकडून, हा मधला मार्ग मला बहुतेकांसाठी योग्य वाटतो.

लॅबकडे जाण्याआधी हे विचारा :

1. प्रिंट इंकजेटची आहे की रंगीत फोटो कागदावर लेझरने उमटवलेली? दुसऱ्या प्रकारात कृष्णधवलला छटा येण्याची शक्यता जास्त. बहुतेक 'ड्राय लॅब' यंत्रे इंकजेटच असतात, पण त्यांत सहसा करडी शाई नसते.
2. शाई डाय की पिगमेंट, मूळ कंपनीची का? कागदाचे नाव आणि जीएसएम?
3. कृष्णधवल मोड वापरता की प्रोफाइल? प्रोफाइल वापरत असाल तर द्याल का?
4. पैसे घेऊन का होईना, आधी चाचणीपट्टी द्याल का?
5. तुमच्याकडून फाइलमध्ये काही 'सुधारणा' केली जाते का? नको असेल तर ऑर्डरवर तसे लिहून घ्या.

तुमचे हक्क

ठरलेला कागद आणि शाई बिलावर लिहून घ्या. 'आर्काइव्हल, पिगमेंट' म्हणून पैसे घेतले आणि डायची प्रिंट दिली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ती सदोष सेवा ठरते. आधी दुकानाला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर. तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. चाचणीपट्टी, बिल आणि अंतिम प्रिंट तिन्ही जपून ठेवा, पुरावा तोच.

जुन्या स्टुडिओ फोटोंबद्दलही वाचक विचारतात : स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो पुन्हा छापायला त्यांची परवानगी लागते का? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणाराच असतो, वेगळा करार झाला नसेल तर. तेव्हा तुमच्या आजोबांनी पैसे देऊन काढलेला फोटो त्यांच्या वारसांनी स्कॅन करून छापायला सहसा अडचण नसते. वर्तमानपत्रातला, पुस्तकातला किंवा एखाद्या छायाचित्रकाराच्या संग्रहातला फोटो ही वेगळी बाब आहे. तो विकण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी छापायचा असेल तर लेखी परवानगी घ्या.

लॅबला दिलेल्या फाइलवरही हक्क तुमचाच राहतो. ती जाहिरातीसाठी किंवा नमुना म्हणून वापरायची असेल तर लॅबने तुम्हाला विचारले पाहिजे. काम झाल्यावर फाइल पुसून टाकावी, असे हवे असेल तर तेही ऑर्डरच्या कागदावर लिहा आणि खाली त्यांची सही घ्या.